डोक्यावर टक्, अंगठ्याला झटका

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर पाकट मासा काही नवा नाही. पण त्याच्याच गणगोतातला एक गोलसर, मऊ अंगाचा मासा आपल्या अरबी समुद्रात आहे. त्याला ओल्या हाताने धरलं की विजेचा सणसणीत झटका बसतो. या जातीचे मासे एके काळी औषध होते. स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या रोमन वैद्याने इसवी सन ४७ च्या सुमारास लिहून ठेवलंय, की डोकं दुखत असेल तर असा जिवंत मासा दुखऱ्या जागी ठेवा आणि ती जागा बधिर होईपर्यंत उचलू नका. पायाच्या गाठीवातासाठी तर ओल्या किनाऱ्यावर त्या माशावर पाय ठेवून उभं राहायचं, गुडघ्यापर्यंत बधिरपणा चढेस्तोवर!

मेंदूला बाहेरून वीज देण्याच्या खटपटीतली ही सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. पुढे मासा गेला आणि चुंबक आलं. स्ट्रोकने, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत लकव्याने किंवा सरळ ‘पॅरालिसिसच्या अटॅक’ने, लुळा पडलेला हात पुन्हा कामाला लागावा म्हणून आज डोक्यावर चुंबकाचे ठोके देतात. उपचाराचं नाव टीएमएस. सुई नाही, टाका नाही, भूल नाही. पेशंट खुर्चीत टक्क जागा बसलेला असतो. या प्रकरणात गमती भरपूर आहेत, आणि एकदोन कडू घोटही.

कवटीला चकवा

कवटीचं हाड विजेला सहजासहजी आत जाऊ देत नाही. बाहेरून वीज दिली तर ती टाळूच्या कातडीत आणि स्नायूंतच पसरते आणि माणूस कळवळतो. १९८० साली इंग्लंडमध्ये मर्टन आणि मॉर्टन या जोडीने असे झटके देऊन जाग्या माणसाचा हात हलवून दाखवला खरा, पण पुन्हा पुन्हा करून घ्यावा असा तो प्रकार नव्हता. चुंबकीय क्षेत्राला मात्र हाड, केस, कातडी कशाचंच सोयरसुतक नाही. ते आरपार जातं.

शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली नेमका याचाच फायदा उठवला. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, क्षणभर हजारो अँपिअरचा प्रवाह सोडायचा. चुंबकीय क्षेत्र झपकन उभं राहतं आणि झपकन कोसळतं. हे बदलतं क्षेत्र मेंदूच्या वरच्या थरात बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण करतं. पेशींना शेवटी वीजच मिळते, फक्त ती कवटीच्या आत तयार झालेली असते. नियम फॅरडेचा, १८३१ सालचा. दहावीच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी तो पाठ केलेला आहे.

इथेच एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. जत्रेत आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत चुंबकाची कडी, चुंबकाच्या गाद्या आणि चुंबकाचे पट्टे विकायला असतात, त्यांचा टीएमएसशी काही संबंध नाही. ते चुंबक स्थिर असतं. स्थिर क्षेत्र असा प्रवाह निर्माण करत नाही, आणि प्रवाह नाही तर मेंदूच्या पेशीला त्याची खबरही नाही.

चुंबकाच्या नावावर पैसे काढायची रीत तशी जुनीच. अठराव्या शतकात फ्रान्झ मेस्मर पॅरिसमध्ये ‘प्राणिज चुंबकत्वा’ने रोग बरे करत होता आणि त्याच्या दाराशी श्रीमंतांची रीघ लागली होती. १७८४ साली राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात विजेचे प्रयोग करणारे बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते आणि डॉक्टर गियोतँही होते. हो, ज्यांचं नाव पुढे त्या मुंडकं उडवणाऱ्या यंत्राला चिकटलं तेच. समितीने लोकांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि चुंबकत्व दिलंय की नाही हे त्यांना कळू दिलं नाही. दिलंय असं वाटलं की लोक झटके घेत होते, दिलेलं नसतानाही. खरा उपचार आणि लुटुपुटीचा उपचार यांची तुलना करायची आजची पद्धत या घराण्यातली आहे. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

ट्रामपासून पळालेलं चुंबक

चुंबकाशी कोकणाचं नातं फॅरडेच्याच काळापासूनचं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मग मुंबईत विजेवरची ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या प्रवाहाने नाजूक उपकरणांचे काटे थरथरणार, हे उघड होतं. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी मुक्काम हलवला तो थेट अलिबागला. १९०४ साली तिथे नवी वेधशाळा उभी राहिली, तीही पोरबंदरच्या दगडात आणि चुंबकाला ओढ लागेल असं काही न वापरता. जुन्या आणि नव्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून दोन्हीकडे १९०६ पर्यंत एकाच वेळी मोजमाप चाललं. अलिबागला ते अजून चालू आहे.

तिथे जे मोजतात ते पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्या भागात साधारण ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास भरतं. टीएमएसच्या कॉइलच्या तोंडाशी ते दीड ते दोन टेस्लापर्यंत जातं. म्हणजे चाळीसेक हजारपट! एमआरआयच्या यंत्राच्या तोडीचं. फक्त एमआरआयमध्ये ते सतत असतं, इथे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ, आणि तेही वीतभर कॉइलच्या खाली. म्हणून घड्याळ, मोबाइल, एटीएम कार्ड बाहेर ठेवायचं. कानातल्या कुड्या आणि केसांतल्या पिनाही काढायच्या. गजरा चालेल, तो पिनेने लावलेला नसेल तर.

कॅल्क्युलस सोपं करणारा माणूस

बार्करच्या पंचाहत्तर वर्षं आधी, १९१० साली, लंडनच्या सिल्व्हानस थॉम्पसन यांनी मोठं वेटोळं बनवून त्यात स्वतःचं डोकं घातलं आणि प्रवाह सुरू केला. डोळ्यांसमोर प्रकाश लुकलुकायला लागला, अंधारातसुद्धा. त्याआधी १८९६ मध्ये फ्रान्सच्या दार्सोंव्हाल यांनाही हेच दिसलं होतं. मेंदू हलवल्याचा आनंद दोघांनाही झाला असणार, पण ती चमक बहुतेक डोळ्यांच्या पडद्यातली होती, मेंदूतली नव्हे. थॉम्पसन यांनी त्याच वर्षी ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ हे पुस्तकही काढलं, आणि इतकं सोपं लिहिलं म्हणून पंडित नाकं मुरडतील या धास्तीने स्वतःचं नाव छापलं नाही. इंजिनीअरिंगची पोरं आजही ते वाचतात.

काका, हात सैल सोडा

आता प्रत्यक्ष काय करतात ते जवळून पाहू. पेशंट रेलून बसतो. कानात बोळे, कारण कॉइलचा ‘टक्’ आवाज वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो. डोक्यावर कापडी टोपी, तिच्यावर पेनाने खुणा. हाताच्या अंगठ्याखालच्या मांसल उंचवट्यावर चिकटपट्टीसारखे दोन इलेक्ट्रोड, त्यांच्या वायरी मॉनिटरकडे. “काका, हात सैल सोडा. काही करू नका. तो आपोआप हलेल.”

कॉइल इंग्रजी आठच्या आकड्यासारखी असते. ही रचना जपानच्या शोगो उएनो यांनी १९८८ साली पुढे आणली. दोन वेटोळी जिथे भेटतात तिथे जोर एकवटतो, त्यामुळे मेंदूचा एखाद-दोन सेंटिमीटरचा तुकडा नेमका गाठता येतो. टेक्निशियन कॉइल कानाच्या वर, टाळूच्या थोडी अलीकडे टेकवतो, पंचेचाळीस अंशांत तिरपी करतो. टक्. काही नाही. अर्धा सेंटिमीटर पुढे. टक्. तर्जनी हलली. ही जागा नव्हे. आणखी थोडं बाजूला. टक्, आणि अंगठा तळव्याकडे टुणकन उडतो.

पहिल्यांदा अनुभवणारा माणूस हमखास हसतो. आपला अंगठा, आपण काही सांगितलेलं नाही, तरी तो हलला! मग जोर हळूहळू कमी करत नेतात. दहा ठोक्यांपैकी निदान पाच वेळा स्नायू प्रतिसाद देईल अशी सर्वांत कमी पातळी शोधतात. ज्याची त्याची पातळी वेगळी. औषधाचा डोस वजनावर ठरतो, इथे तो अंगठ्यावर ठरतो.

अंगठाच का, तर मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा जो नकाशा आहे त्यात हात, विशेषतः अंगठा, आणि ओठ यांनी भरमसाट जागा बळकावली आहे. सगळ्या पाठीला मिळून मिळते ती चिमूटभर. आणि पायाची जागा? ती दोन अर्धगोलांमधल्या फटीत खोल दडलेली. साध्या कॉइलचा जोर कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच पुरतो, त्यामुळे पायासाठी वेगळ्या आकाराच्या कॉइल लागतात. स्ट्रोकनंतरच्या टीएमएसचं बहुतेक संशोधन हाताभोवती फिरतं, त्याचं एक कारण हेच.

दुखतं डावीकडे, ठोके उजवीकडे

उजवा हात लुळा पडलाय, म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या भागाला झालीय. हात हलवणाऱ्या मज्जातंतूंपैकी बहुतांश मानेच्या वर, मेंदूच्या देठात बाजू बदलतात. मग चुंबक डावीकडे ठेवायचं ना? बऱ्याचदा उलटंच करतात. ठोके देतात ते उजव्या, धडधाकट भागावर!

कारण असं मानलं जातं, की मेंदूचे दोन अर्धगोल एरवी एकमेकांना आवरून धरतात. एक अधू झाला की दुसरा त्याला जास्तच दाबतो. सेकंदाला एक अशा संथ ठोक्यांनी पेशींची उत्तेजना उतरते, म्हणून निरोगी बाजूला संथ ठोके देऊन थोडं शांत करायचं. सेकंदाला पाच, दहा असे झपाझप ठोके दिले तर उत्तेजना चढते, ते दुखावलेल्या बाजूसाठी. एकच यंत्र, वेग बदलला की परिणाम उलटा. २००५ मध्ये लंडनमध्ये ठोक्यांचे बारीक झुबके करून देण्याची पद्धत निघाली. तिच्यात सहाशे ठोके एका प्रकारात चाळीस सेकंदांत संपतात, दुसऱ्या प्रकारात तीन मिनिटांच्या जरा वर. चहा उकळायच्या आत पेशंट मोकळा.

या ‘दोन अर्धगोलांच्या भांडणा’चा सिद्धान्त कानाला गोड लागतो खरा, पण सगळ्यांना लागू पडत नाही. इजा फार मोठी असेल तर निरोगी बाजूच अधू हाताला मदत करत असते. तिला गप्प बसवलं तर नुकसानही होऊ शकतं. सरसकट सगळ्यांना एकच ‘पॅकेज’ विकणाऱ्या ठिकाणी मी तरी पाय ठेवणार नाही.

६७ आणि ६५

आता कडू घोट. अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, निकाल २०१८ साली छापून आला. १९९ पेशंट, स्ट्रोक होऊन तीन महिने ते वर्ष झालेले. सगळ्यांना हाताचा व्यायाम. काहींना खरे संथ ठोके, काहींना लुटुपुटीचे. सहा महिन्यांनी पाहिलं तर खऱ्या गटात ६७ टक्के लोकांचा हात ठरवलेल्या मापाएवढा सुधारलेला. आणि लुटुपुटीच्या गटात? ६५ टक्के.

मेस्मरच्या चौकशी समितीला हे वाचून हसू आलं असतं. पण दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. एक, दोन्ही गटांतले इतके लोक सुधारले ते नेमून दिलेल्या नेटाच्या व्यायामाने. दोन, युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२० साली सगळा पुरावा चाळून जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांत निरोगी बाजूच्या संथ ठोक्यांना हातासाठी वरची, ‘ए’ श्रेणी दिली, मात्र स्ट्रोकनंतरच्या सुरुवातीच्या आठवड्या-महिन्यांपुरती. उशिरा गेलात तर जमा थोडी आणि खर्च फार, असं सध्याचं चित्र दिसतं.

चुंबक हात बरा करत नाही. ते मेंदूच्या त्या भागाला थोड्या वेळापुरतं शिकायला तयार करतं, आणि तेवढ्या वेळात शिकायचं काम हातालाच करावं लागतं. ठोके घेऊन थेट रिक्षात बसून घरी आलात आणि टीव्ही लावलात, तर पैसे पाण्यात.

जांभई आली, हात वर गेला

घरात लकव्याचं माणूस असेल तर हा प्रकार कदाचित पाहिलाही असेल. महिनाभर न हललेला हात एके दिवशी दुपारी, मोठी जांभई देताना, आपोआप छातीपर्यंत वर उचलला जातो. घरात आरडाओरडा. “आबांचा हात हलला!” कुणी देवापुढे नारळ ठेवतं. आबांना सांगतात, पुन्हा करा. आबा करू शकत नाहीत, कारण ते त्यांनी केलेलंच नसतं. जांभई संपते, हात खाली येतो.

याची वैद्यकीय नोंद आहे, २००५ मध्ये त्याला स्वतंत्र नावही मिळालं. मुद्दाम केलेल्या हालचालीची वाट मेंदूच्या वरच्या थरातून निघते आणि स्ट्रोकने तुटते ती तीच. जांभईचा कारभार मेंदूच्या जुन्या, खालच्या भागातून चालतो. तो शाबूत असतो आणि अधूनमधून हाताला ओढून घेतो. त्यामुळे जांभईतला हात पाहून हुरळून जायचं कारण नाही आणि पेशंट ‘नाटक करतोय’ असं म्हणायचं तर मुळीच नाही. हे दुसरं म्हणणारे नातेवाईक दुर्दैवाने जास्त भेटतात.

चेहऱ्याचंही तेच. “जरा हसून दाखवा” म्हटलं की तोंडाचा एक कोपरा लटकलेला राहतो. नातवाने काहीतरी वेडावाकडा विनोद केला की काही पेशंटचे दोन्ही कोपरे छान वर जातात. ठरवून हसणं आणि हसू येणं, दोघांची यंत्रणा वेगळी.

आणि बोलणं गेलेल्यांचं काय? ज्यांना स्वतःचं नाव उच्चारता येत नाही त्यांतले काहीजण भजन किंवा गणपतीची आरती सुरात, शब्दांसकट म्हणून जातात. स्वीडनच्या ओलोफ डालिन यांनी १७४५ मध्येच अशा एका माणसाची नोंद केली होती, तो चर्चमधली स्तोत्रं गायचा. सूर लावून बोलायला शिकवण्याची थेरपी १९७० च्या दशकात त्यातूनच आली. कोकणात ज्या घरी गणपती येतो तिथे ही चाचणी दरवर्षी फुकट होते.

टीएमएस याच्या बरोबर उलटंही करू शकतं. धडधाकट माणूस एक ते वीस आकडे मोजतोय, बोलण्याच्या भागावर झपाझप ठोके दिले, आणि “सात, आठ, न…” गाडी ठप्प. ठोके थांबले की आकडे पुन्हा सुरू. घरोघरी असं यंत्र हवं असं वाटणारे काही लोक माझ्या ओळखीचे आहेत.

पेटी न वाजवता रियाज

१९९५ साली आल्वारो पास्कुआल-लिओने यांनी काही नवशिक्यांना पियानोवर पाच बोटांची एक सोपी सुरावट रोज दोन तास, पाच दिवस वाजवायला दिली. टीएमएसने रोज मोजलं, मेंदूतली बोटांची जागा वाढत गेली. दुसऱ्या गटाने पियानोसमोर बसून तीच सुरावट फक्त मनात वाजवली, बोट हलवायचं नाही. त्यांचाही नकाशा वाढला!

म्हणून फिजिओथेरपिस्ट सांगतात की हात हलत नसला तरी हलवतोय अशी कल्पना करा. ती फुकाची समजूत घालणं नसतं. मनात मूठ वळली की चुंबकाच्या ठोक्याला स्नायूचा प्रतिसाद मोठा येतो, हे पडद्यावर दिसतं.

स्वस्तातला आणखी एक उपाय आपल्या चेन्नईत शिकलेल्या व्ही. एस. रामचंद्रन यांच्या नावावर आहे. साधा आरसा. दोन हातांच्या मध्ये तो उभा ठेवायचा, लुळा हात मागे लपवायचा आणि चांगला हात हलवताना आरशात बघायचं. मेंदूला दोन्ही हात हलताना दिसतात. मुळात हात कापलेल्यांना होणाऱ्या वेदनांसाठी काढलेली ही युक्ती १९९९ पासून स्ट्रोकच्या हातावर वापरली गेली आणि तिच्या बाजूने पुरावा बरा आहे. आरसा कोणत्याही बाजारात मिळतो.

आणि चांगला हात बांधून ठेवायची थेरपी! एडवर्ड टॉब यांची. दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ, चांगल्या हातात जाड मोजा. अधू हातालाच काम करायला लावायचं. २००६ मध्ये २२२ पेशंटवरच्या चाचणीत फायदा दिसला. अट एक, बोटं आणि मनगट थोडीतरी उघडता यायला हवीत. आपल्याकडे मोजा घालून दोन आठवडे काढायला लावायचं म्हणजे घरात महाभारत होणार, पण तत्त्व घ्यायला काय हरकत आहे? लसूण सोलणं, आमसुलं वाळत घालताना एकेक उलटणं, मटारच्या शेंगा नसतील तर वालाच्या शेंगा निवडणं, पुढे जमलं तर अंगणातल्या कलमाखाली आंबे उतरवायचा हलका झेला धरून पाहणं. रबरी चेंडू तासभर दाबत बसण्यापेक्षा ओळखीच्या कामात हात जास्त शिकतो.

मात्र उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी पेशंटला उठवून चालवू नका. २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत, दोन हजारांवर पेशंट होते तिच्यात, पहिल्या चोवीस तासांत जोरदार हालचाल सुरू केलेल्यांची प्रगती कमीच निघाली.

१८८६ सालचे दोन मुक्काम

ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली रत्नागिरीत आणला गेला. त्याच वर्षी रत्नागिरीत मनोरुग्णालय सुरू झालं. महाराष्ट्रातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. टीएमएसच्या गोष्टीत याचा उल्लेख अशासाठी, की या यंत्राला जगात पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते मानसोपचारात. अमेरिकेत २००८ साली डिप्रेशनसाठी मान्यता मिळाली, नंतर मंत्रचळासाठी. मुंबई-पुण्यात यंत्रं आहेत ती बहुतेक मानसोपचाराच्या क्लिनिकांत. आणि स्ट्रोक झालेल्या साधारण दर तिघांत एकाला पुढे डिप्रेशन येतं. ‘आजारपणाने चिडचिडा झालाय’ म्हणून ते घरात चालवून घेतलं जातं, व्यायाम सुटतो, आणि हात तिथेच अडकतो.

आंबा घाट आणि १९ लाख

मेंदूत साधारण ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. मोठी धमनी गुठळीने तुंबली तर मिनिटाला सरासरी १९ लाख मरतात. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर १३० किलोमीटरच्या आसपास, तीन तास धरा. हिशेब ३४ कोटींवर जातो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायची मुदत साडेचार तासांची, तीही लक्षण सुरू झाल्यापासून, हॉस्पिटलच्या दारात पोचल्यापासून नव्हे. त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जीव घेईल. म्हणून तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ अडखळली, की “जरा पडू दे, सकाळी बघू” हे वाक्य गिळायचं आणि १०८ ला फोन लावायचा. निघण्याआधी सीटी आणि इंजेक्शनची सोय कुठे आहे तेही विचारायचं. चुंबकाचा नंबर फार नंतर.

स्ट्रोक हा शहरी, एसीत बसणाऱ्यांचा आजार आहे असं कुणाला वाटत असेल तर गडचिरोलीकडे बघावं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने तिथल्या ८६ गावांत दोन वर्षं प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आला, मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण स्ट्रोक. दर सातांत एक मृत्यू. बहुतेक सगळे घरच्या घरी.

आता कबुतराकडे वळू. लकव्यावर कबुतराचं रक्त चोळायचा सल्ला अजून गावोगाव मिळतो. ‘आमच्या मामांना आला गुण’ असं शपथेवर सांगणारेही भेटतात. गुण येतो तो बहुधा अशांना, ज्यांना स्ट्रोक झालेलाच नसतो. चेहऱ्याच्या नसेला सूज येऊन नुसता चेहरा वाकडा होतो, तो बेल्स पाल्सी नावाचा वेगळा आजार. हात-पाय ठणठणीत, आणि त्या बाजूची भुवईही वर चढवता येत नाही. स्ट्रोकमध्ये भुवई बहुधा चढते. बेल्स पाल्सीचे बरेचसे पेशंट काही आठवड्यांत आपोआप सुधारतात, डॉक्टरकडे वेळेत गेले तर आणखी लवकर. श्रेय जातं कबुतराला, आणि जीवही त्याचाच. पण भुवई बघत घरी बसू नका. निदान डॉक्टरांना करू द्या.

कुणी जायचं नाही

पेसमेकर असलेल्यांनी, कानात कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्यांनी, मेंदूतल्या रक्तवाहिनीला धातूची क्लिप लावलेल्यांनी टीएमएसच्या वाटेला जाऊ नये. फिट येत असतील तर आधी सांगावं. एरवी त्रास म्हणजे डोकेदुखी आणि टाळूला टोचल्यासारखं वाटणं. ठोक्यांनी फिट येणं शक्य असतं, पण फार विरळा.

यंत्राचा कौल

न्यूझीलंडच्या कॅथी स्टिनिअर यांनी या यंत्राला दुसऱ्याच कामाला लावलं. उपचाराच्या नव्हे, भविष्य सांगण्याच्या. गावात रवळनाथासमोर कौल लावतात, तसा हा अंगठ्यासमोर लावलेला कौल. स्ट्रोकनंतर तिसऱ्या दिवशी पेशंटला खांदा बाजूला उचलायला आणि बोटं उघडायला सांगतात, दोन्हींना मिळून दहापैकी गुण देतात. पाच किंवा वर गुण असतील तर यंत्राची गरजच नाही, हात बहुधा चांगलाच परत येणार, वय ऐंशीच्या आत असेल तर फारच चांगला. त्याहून कमी असतील तर आठवडाभराच्या आत दुखावलेल्या बाजूवर चुंबकाचा ठोका देतात. हाताच्या स्नायूने पडद्यावर एवढीशी जरी लाट उमटवली, डोळ्यांना काही दिसलं नाही तरी, तर तार शाबूत आहे, जोर लावा. लाट नाहीच उमटली तर अपेक्षा बेताची ठेवायची आणि दुसऱ्या हाताने कामं करायला लवकर शिकवायचं.

हा कौल दर चारांत तिघांचा खरा ठरतो. ज्या पेशंटांचा अंदाज थेरपिस्टना आधीच सांगितला होता ते हॉस्पिटलमधून जवळपास आठवडाभर लवकर घरी गेले, कारण कुणाच्या हातावर किती वेळ द्यायचा हे ठरवणं सोपं झालं. चौथ्याचा कौल चुकतो, आणि कधी कधी तो चुकतो चांगल्या बाजूने.